पाटीखालचे दोन दगड

दसरा झाला की लोक एकमेकांना आपट्याची पानं देतात, हसतात, पाया पडतात. मी मात्र त्या दिवसापासून नदीवर चकरा मारायला लागतो. कारण दसऱ्यानंतर आठ-दहा दिवसांत आमच्या नदीवरच्या बंधाऱ्याला पावसाळ्यात काढून ठेवलेल्या लोखंडी पाट्या बसवायच्या असतात, आणि ते काम गावानं माझ्याकडे दिलेलं आहे. गावात शिकलेली माणसं पुष्कळ. पण कंबरभर पाण्यात उभं राहून चिखल दाबायला शिकलेला माणूस तयार होत नाही. मी दुसरीतून शाळा सोडली. म्हणजे मी सोडली असं मी सांगतो. मास्तर वेगळं सांगायचे.

पाट्या बसवणं अवघड नाही. बंधाऱ्याला सात गाळे. प्रत्येक गाळ्यात खाच आहे, पाट्यांच्या दोन रांगा त्या खाचेत एकावर एक सोडायच्या, दोन रांगांमध्ये काळी माती ठासायची. झालं. पाणी थांबतं, तुंबतं, जमिनीत मुरतं आणि आमच्या विहिरींना जातं. जे थांबलं ते आमचं. जे थांबलं नाही ते खाली जातं, आणि खाली अडीच कोसावर माझी थोरली बहीण, अक्का, राहते.

एवढंच आहे सगळं. पण एवढ्यासाठी मला झोप लागत नाही. आणि झोप लागत नसली की मला आबा आठवतो.

आबा आमचा कोणी लागत नव्हता. आमच्या गल्लीच्या शेवटच्या घरात राहायचा. शेवटच्या घरातच राहणार. त्याचं सगळंच शेवटाकडून असायचं.

साक्रीकडे पूर्वी फडाची पद्धत होती. आता जुनी माणसंच तिचं नाव काढतात. नदीला गावाचा जुना दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखाली सगळ्या गावानं मिळून एक पीक घ्यायचं. पाणी द्यायला एक माणूस नेमलेला. त्याला पाटकरी म्हणायचे. शेत तुमचं असो की पाटलाचं, पाटाला फावडं लावायचा अधिकार पाटकऱ्याचा एकट्याचा. पिकातून वर्षाला त्याला धान्य मिळायचं. आबा आमच्या गावाचा शेवटचा पाटकरी. बाकीचे पाटकरी वरच्या शेतापासून पाणी द्यायला सुरुवात करायचे. आबा पाटाच्या शेपटाकडून करायचा. आधी शेवटचं शेत, मग त्याच्या वरचं, मग त्याच्या वरचं.

लोक भांडायचे. ‘आबा, पाणी माझ्या शेतावरनं पुढं जातंय आणि मी कोरडा बसू?’

आबा म्हणायचा, ‘पहिलाले कोनीबी वाढी. शेवटलाले कोन वाढी?’

फड मोडला, पाट बुजला, लोकांनी विहिरी खणल्या, मोटारी आल्या. आबाचं काम गेलं पण त्याची ही खोड गेली नाही. चहाच्या टपरीवर पाच जण बसलेले असले तर आबा कप घेऊन आधी कोपऱ्यातल्याला द्यायचा. एसटी आली की सगळे चढेपर्यंत खाली उभा, आणि कितीतरी वेळा गाडी त्याला तशीच सोडून गेली. गोष्ट सांगायला बसला तर आधी कोण मेलं ते सांगायचा आणि मग तो माणूस जन्माला यायचा.

माझ्या लग्नात वाढायला आबा होता. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, आमच्याकडे लग्नाला हेच असतं. आबानं टोपलं उचललं आणि थेट मांडवाच्या टोकाला, जिथं बँडवाले आणि ट्रकचा ड्रायव्हर बसला होता, तिथून सुरुवात केली. माझे सासरे डोळे वटारून बघतायत, मामा हातवारे करतोय, आबा आपला एकेक बट्टी फोडून तूप सोडतोय. नवरदेव म्हणून मी पंगतीच्या पहिल्या पाटावर. माझ्यापर्यंत टोपलं आलं तेव्हा त्यात कपडाच होता. मी लग्नाच्या दिवशी वरण प्यालो. बायको अजून म्हणते, ‘त्या दिवशी तुमचा चेहरा बघून मला वाटलं, नवरा रडका मिळाला.’ खरं तर भुकेला मिळाला होता. रडका नंतर झालो.

पण आबाची खरी खोड वेगळीच होती. तो पाणी पोचवायला जायचा.

पावसाळा सरला, ओढे आटले, की नदी एक बारीक धार होऊन वाहते. ती वाहत वाहत वाळूत कुठंतरी जिरून जाते. आबा हातात काठी, खांद्याला पिशवी, त्या धारेच्या कडेकडेनं चालत निघायचा. धार संपते तिथं थांबायचा. पिशवीतून चुन्यानं रंगवलेला एक दगड काढायचा आणि पुरात वाहून जाणार नाही असा उंच काठावर नेऊन ठेवायचा. वर्षाला एक दगड. मग परत यायचा. संध्याकाळी टपरीवर लोक विचारायचे, ‘काय आबा, कोठलोंग उनं?’ कुठपर्यंत आलं? तो गावांची नावं सांगायचा. अमुक गावच्या म्हसोबापर्यंत. तमुक गावच्या डोहाच्या पलीकडे.

मी एकदा म्हणलं, ‘आबा, पाणी काय लहान लेकरू आहे का, हरवेल?’

‘पोर सासरले धाडी ना, मंग ती पोचनी का नही हाई इचारतस ना लोके?’

‘विचारतात.’

‘मंग पानीनं कोन इचारी?’

मी हसलो. मला काही सुचलं नाही की मी हसतो. लोकांना वाटतं मी आनंदी माणूस आहे.

आमच्या गावानं पाणी अडवायचं ठरवलं तेव्हा मी सगळ्यात पुढं होतो. कारण आमचे हाल मी बघितले होते. फाल्गुनात विहिरी खडखडीत, टँकर आला की बाया हंडे घेऊन पळायच्या आणि मी दोन हंडे घेऊन त्यांच्या मागं. एकदा एका म्हातारीनं मला ढकलून माझ्या जागेवर हंडा लावला होता. मी पडलो, हंडा चेपला. ती म्हातारी म्हणजे माझी सासू. तर पाणी अडवायचं म्हणल्यावर मी उडी मारली. उन्हाळाभर आम्ही चर खणले, नाल्यांवर सिमेंटचे बांध घातले, नदीवर हा पाट्यांचा बंधारा झाला. मी इतका मन लावून चर खणला की पहिल्या दिवशी त्यातून बाहेर यायला जागाच ठेवली नाही. दोघांनी दोरी टाकून मला काढलं. सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या.

आबासुद्धा कामाला यायचा. त्या वयात टोपली उचलायचा. कोणी म्हणेल तो विरोधात होता, तर अजिबात नाही. फक्त दुपारी भाकरी खायला बसलो की कुणालाही उद्देशून न बोलता विचारायचा, ‘खाले इचारं का?’

खाली विचारलं का. खालच्या गावांना.

कोणी विचारलं नव्हतं. कशाला विचारायचं? पाऊस आमच्या शेतावर पडतो, आमच्या नाल्यातून वाहतो. आमचं घर बांधताना कोणी शेजारच्या तालुक्याला विचारतं का?

आणि फायदा झाला. हे मी कबूल केलंच पाहिजे, नाहीतर आबाची गोष्ट खोटी होईल. पहिल्याच वर्षी माझ्या विहिरीत चैत्रात पाणी होतं. मी विहिरीत डोकावून बघायचो आणि माझंच तोंड दिसायचं. इतकी वर्षं त्या विहिरीत तळच दिसायचा, तोंड कधी दिसलं नव्हतं. टँकर बंद झाला. गावानं नारळ फोडला, मला शाल दिली. शाल घेताना मी बंधाऱ्याच्या भिंतीवर उभा होतो. वाकून नमस्कार केला आणि मागं पाण्यात गेलो. शाल ओली, फोटो ओला. तो फोटो अजून आमच्या घरात आहे. त्यात फक्त माझे पाय दिसतात.

मग पाणी आहे म्हणून आम्ही कांदा वाढवला. कांदा होतो म्हणून दुसरं पीक घेतलं. जळगावहून नळ्या आणल्या, थेंबाथेंबानं द्यायला. थेंबाथेंबानं वाचलं म्हणून आणखी दोन बिघे वाढवले. काहींनी शेततळी केली, आत काळा कागद अंथरून. पावसाचं पाणी साठवायला म्हणून केलेली तळी, पण ती भरायची विहिरीवरच्या मोटारीनं. मीही एक केलं. आबा माझ्या तळ्यावर आला, कडेकडेनं फिरला आणि म्हणाला, ‘इंजिनेर’, मला तो इंजिनेर म्हणायचा, ‘इंजिनेर, हाई पानी वर उनं का खाले गयं?’

मी म्हणलं, ‘आबा, पाणी वाढलंय आपलं.’

‘पानी कोठे वाढनं? आपली तहान वाढनी.’

त्या दिवशी मी त्याला चहा न देताच वाटेला लावला.

आता त्या दोन दगडांची गोष्ट. बंधाऱ्याच्या पाट्या पहिल्यांदा बसवल्या तेव्हा आबा नदीत उतरला आणि सातव्या गाळ्यात, सगळ्यात खालच्या पाट्या सोडायच्या आधी, दोन चपटे दगड ठेवले. पाट्या त्या दगडांवर बसल्या. खाली बोटभर फट राहिली. ‘हाऊ गाळा खालनासना,’ म्हणाला. हा गाळा खालच्यांचा. माती याच्यात भरायची नाही. त्या फटीतून धार चालू राहायची, आणि त्या धारेच्या कडेनं आबा चालत जायचा.

एकदा पाट्या बसल्या, पाणी तुंबलं, की खालची पाटी हलत नाही. वरनं पाण्याचा जोर असतो, खाचेत ती घट्ट आवळली जाते. म्हणजे दगड ठेवायचे की नाही ते एकदाच ठरवायचं असतं, पाट्या बसवायच्या दिवशी. मग पुढच्या पावसाळ्यापर्यंत बदलता येत नाही.

बरीच वर्षं मी ते दगड तसेच ठेवले. भीतीनं नाही, सवयीनं. पण आबाचे पांढरे दगड काठावर बघितले तर कळायचं, दरवर्षीचा दगड आधीच्या दगडापेक्षा अलीकडे. कारण आमच्या वरच्या गावांनीही पाणी अडवायला सुरुवात केली होती, आणि आमच्या गावात मोटारी वाढल्या होत्या, आणि आमच्या फटीतून जाणारी धार बारीक होत चालली होती. पहिला दगड अक्काच्या गावाच्या खाली होता. मग एक अक्काच्या गावाच्या डोहाशी. त्या डोहाच्या काठालाच त्यांची पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. डोहात पाणी आलं तर विहिरीला पाझर. डोह कोरडा तर विहीर कोरडी. मग पुढचा दगड डोहाच्या अलीकडे. मग आणखी अलीकडे. मी ते दगड बघत होतो आणि मोजायचं टाळत होतो. मला तसंही मोजता कमीच येतं.

अक्का फोन करायची. ती माझ्यापेक्षा मोठी आहे, मला लहानपणी तिनंच सांभाळलं. ‘भाऊ, औंदा डोह लवकर आटना रे.’

मी म्हणायचो, ‘अक्का, तू आंघोळ कमी कर.’

ती हसायची. मग एके वर्षी हसली नाही.

ते वर्ष पावसाचं वाईट होतं. गणपतीत पाऊस गेला तो आलाच नाही. पाट्या बसवायच्या आधी गावाची बैठक झाली. पाणी समितीचे अध्यक्ष नाना म्हणाले, ‘सातवा गाळाबी पक्का करा. बठ्ठं आडवा. औंदा थेंब सोडना नही.’ सगळं अडवायचं म्हणल्यावर सगळ्यांनी माना हलवल्या. मी पण हलवली. माझी मान गर्दीत फार चांगली हलते.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काचा फोन आला. तिला कुठून तरी कळलं होतं. म्हणाली, ‘भाऊ, तू शे ना तठे. बोटभर ते सोड.’ तू तिथं आहेस ना, बोटभर तर सोड.

आणि मी म्हणलं, माझ्याच तोंडानं म्हणलं, ‘पहिले आमनं भरू दे अक्का, मंग खाले शेच ना.’

आधी आमचं भरू दे, मग खाली आहेच. हे वाक्य मला त्या वेळी फार शहाणपणाचं वाटलं होतं.

पाट्या बसवायला मी नदीत उतरलो. आबा काठावर उभा. मी म्हणलं, ‘आबा, तुमचे दगड तुम्हीच काढा.’ मला वाटलं, त्यानं काढले तर पाप त्याचं.

तो म्हणाला, ‘काढाना व्हई ते तूच काढ. मना हात लागाव नही.’

मी काढले. दोन्ही दगड काठावर फेकले. पाटी खाली सोडली तेव्हा ती तळाच्या दगडावर अशी वाजली की मला दातात जाणवलं. मग मी माती ठासली. इतकी छान ठासली की नाना म्हणाले, ‘याले म्हनतस काम.’ त्यात कपाशीच्या काड्या बारीक करून घातल्या होत्या, मुठीमुठीनं दाबल्या होत्या. एक थेंब गळत नव्हता. माझ्या आयुष्यात मी केलेलं सगळ्यात पक्कं काम तेच.

दुसऱ्या दिवशी आबा पिशवी घेऊन निघाला. पाणी पोचवायला. आम्ही टपरीवर बसलो होतो, आमच्या समोरून गेला. बंधाऱ्यापर्यंत गेला, भिंतीच्या पलीकडच्या अंगाला उतरला, आणि आमचा चहा संपायच्या आत परत आला.

‘का रे आबा? लवकर?’ कोणीतरी विचारलं.

तो माझ्याकडे बघून म्हणाला, ‘इंजिनेर, औंदा चालनंच पडनं नही.’

यंदा चालावंच लागलं नाही. मी जाऊन बघितलं. पांढरा दगड भिंतीला टेकून ठेवलेला होता.

त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आबानं नवीन खूळ सुरू केलं. पितळी चरवी घ्यायची, बंधाऱ्याच्या पाण्यात बुडवायची, वर फडकं बांधायचं आणि अडीच कोस चालत अक्काच्या गावाला जायचं. तिथं डोहात ओतायची आणि परत. रोज. एक चरवी पाणी. कोरड्या वाळूत ओतल्यावर त्याचा काय डाग तरी राहत असेल?

लोक हसले. मी तर नक्कलच केली. साक्रीच्या आठवडे बाजारात, कांद्याच्या गोण्यांवर उभा राहून, आबा कसा चालतो, चरवी कशी धरतो, ठेच लागली तर पायाआधी चरवीला कसं विचारतो, ‘लागनं का तुले?’ वीस-पंचवीस माणसं जमली. पोट धरून हसत होती. मी मान वर केली तर समोर अक्का. हातात भाजीची पिशवी.

‘भाऊ, हसी लिधं का?’

हसून झालं का. मी गोणीवरून उतरलो. उतरताना गोणी फाटली, कांदे पसरले, लोक आणखी हसले.

अक्का म्हणाली, ‘तो बाबा डोहमा वतस नही. दोन दिन वतं त्यानी. मंग मीच म्हनं, वाळूले कसाले पाजस? आते मना घर येस. त्या चरवीना पानीना चहा करस मी, नि त्यालेच पाजस.’ मग पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाली, ‘आमले टँकर चालू व्हयना. तुले म्हाईत शे का?’

मला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी मी बाजारातून पायी घरी आलो. गाडी होती, पण गाडीत लोक ती नक्कल पुन्हा करायला सांगतील अशी भीती वाटली.

आबा त्या उन्हाळ्यात गेला. आजारपण वगैरे काही नाही. दुपारी खाटेवर आडवा झाला तो उठला नाही. पाट्या अजून बंधाऱ्यातच होत्या. चरवी उशाशी होती, रिकामी. त्याच्या दहाव्याला पंगत बसली. वाढणाऱ्यानं टोपलं उचललं, क्षणभर थांबला, आणि कोणी काही न सांगता टोकाकडे चालायला लागला. मी पुन्हा पुढच्या पाटावर बसलो होतो. मला पुन्हा उरलं नाही. पहिल्यांदाच मला त्याचं वाईट वाटलं नाही.

हे झालं गेल्या वर्षापर्यंतचं. आता यंदाचं.

यंदा पाऊस बरा होता. वाईट नाही. पण नदी आमच्यापर्यंत आलीच नीट नाही. दसऱ्याला बंधाऱ्याजवळ घोट्याएवढं पाणी. मी रोज सकाळी उठून जायचो, काठी बुडवायचो, काठी वर काढायचो. ओली झालेली जागा बोटानं मोजायचो. चार बोटं. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी तीन. आमच्या वर दीड कोसावर जे गाव आहे त्यांनी गेल्या दोन उन्हाळ्यांत तीन बंधारे घातलेत, आमच्यासारखेच, सात गाळ्यांचे. पाट्या दसऱ्याच्या आधीच बसवल्यात.

नाना म्हणाले, ‘आपलं व्हईल ते आडवानं. सातवा गाळा ते इसरीच जा.’ आणि अक्काचा फोन. आता ती आर्जव करत नाही. नुसतं विचारते, ‘औंदा पानी ई का?’ आणि मी म्हणतो, ‘ई ना.’ आणि फोन ठेवतो. येईल म्हणायला काय जातं. पण ते म्हणताना माझा आवाज बारीक होतो. तिनं तो ओळखला असणार, लहानपणी मी चोरी केली की असाच बारीक व्हायचा.

मी वरच्या गावाला गेलो. कशासाठी गेलो ते मलाही नीट माहीत नव्हतं. टोपी नीट केली, नवा सदरा घातला, जसं काही मुलगी बघायला. त्यांच्या बंधाऱ्यावर पाट्या बसवणारा माणूस चिखलातच भेटला. माझ्याच वयाचा. पोट माझ्याएवढंच. त्यानं मला बंधाऱ्याच्या भिंतीवर बसवलं, चहा मागवला. मागं पाणी बघून माझे डोळे दिपले. हिरवंगार, काठोकाठ. तो हौसेनं दाखवत होता, ‘ही विहीर बघा, ती विहीर बघा, माझ्या विहिरीत चैत्रात तोंड दिसतं.’ मला वाटलं हा माझी नक्कल करतोय.

मी म्हणलं, ‘भाऊ, एखादा गाळा बोटभर उघडा ठेवा. खाली काही येत नाही.’

तो हसला. मोकळं, गोड हसला. काही सुचलं नाही की असं हसतात, ते मी ओळखलं. मग म्हणाला, ‘पहिले आमनं भरू दे भाऊ, मंग खाले शेच ना.’

माझ्या हातातला चहा सांडला. नव्या सदऱ्यावर.

तोंडातून मात्र माझं नाही, आबाचं निघालं. ‘खाले इचारं का?’

‘खाले कोन शे?’

‘मी शे,’ मी म्हणलं.

त्यानं वाकून आपल्या सातव्या गाळ्याकडे बघितलं. मग म्हणाला, ‘पाटी आता हलायची नाही भाऊ. पुढल्या वर्षी बघू. वरच्या पाट्यांपैकी एखादी मात्र काढता येईल.’ काढतो म्हणाला नाही. येईल म्हणाला. मी उठलो. तो मला गावाबाहेरपर्यंत सोडायला आला, हे खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या नदीत उतरलो. सहा गाळे बसवले, माती ठासली. सातव्याला आलो. काठावरच्या गवतात ते दोन चपटे दगड होते, मीच फेकलेले. एक तर गवतात रुतून गेला होता, नखांनी उकरून काढला. दोन्ही गाळ्यात ठेवले, वर पाटी सोडली. नाना धावत आले.

‘तुले अक्कल शे का? घोट्याइतलं पानी, नि त्यामातूनबी सोडस?’

‘नाही नाना, अक्कल असती तर दुसरीत राहिलो असतो का?’

ते हसले नाहीत. म्हणाले, ‘चैत्रमा तुनी इहीर आटनी ते माले नको सांगजो.’

खरं सांगायचं तर मला धीर नव्हताच. पाण्यातून बाहेर येईपर्यंत दोनदा वाटलं, परत जावं, दगड काढावेत. अजून पाण्याला जोर नाही, अजून पाटी हलेल. मग पाय गार पडले आणि मी वर आलो.

नंतर पाच दिवस मी त्या फटीकडे बघत बसलो. करंगळीएवढी धार. सहाव्या दिवशी सकाळी गेलो तर धार मनगटाएवढी झाली होती. काठी बुडवून बघितली. पाच बोटं. वरच्या माणसानं पाटी काढली की वरच कुठे उशिराचा पाऊस पडला, मला माहीत नाही. मी विचारायलाही गेलो नाही. विचारलं आणि नाही म्हणाला तर?

मी घरातून एक दगड घेतला. त्याला चुना लावला. माझ्या हाताला, नाकाला पण लागला. आणि धारेच्या कडेकडेनं चालायला लागलो.

आधी भिंतीला टेकलेला आबाचा शेवटचा दगड लागला. मग त्याच्या आधीच्या वर्षाचा, काठावर, चुना जवळजवळ गेलेला. मग त्याच्या आधीचा. मी खाली जात होतो आणि वर्षं मागं जात होती. धार खडकावरून जायची तेव्हा मी भराभर चालायचो. वाळू आली की ती मंद व्हायची, जिरायची, आणि मी तिच्या पुढं उभा राहून हात जोडल्यासारखा वाट बघायचो. मग ती वाळू पिऊन झाली की पुन्हा निघायची. मी त्या दिवशी पाण्याशी काय काय बोललो ते सांगणार नाही. अजून गावात राहायचंय मला.

दुपार कलली तेव्हा अक्काच्या गावाचं पिंपळाचं झाड दिसलं. डोह अजून पुढच्या वळणाला. धार वळणाच्या अलीकडे थांबली. एका बैलाच्या खुराच्या खड्ड्यात भरली आणि तिथंच थांबली. मी खाली बसलो. तो खड्डा बघत राहिलो. हलत नव्हतं काही. एक पान त्यात गोल फिरत होतं, तेही थांबलं.

खालच्या बाजूनं, कोरड्या वाळूवरून कोणीतरी येत होतं. अक्का. तिला कोणी सांगितलं की ती रोजच यायची तिथं बघायला, कुणास ठाऊक. ती त्या खड्ड्याच्या पलीकडे येऊन उभी राहिली. मी अलीकडे. मधे बैलाच्या खुराएवढं पाणी.

तिनं माझ्या नाकावरच्या चुन्याकडे बघितलं. हसली नाही.

‘कोठलोंग उनं, भाऊ?’

मला एखादा विनोद सुचायला पाहिजे होता. इतकी वर्षं कधी कमी पडला नाही. मी नुसतं खड्ड्याकडे बोट केलं.

खड्ड्याच्या काठावरची वाळू भिजून काळी पडली. बोटभर. मग तिथंच थांबली.

मी हातातला दगड बघितला. आबा धार थांबली की दगड ठेवायचा आणि घरी यायचा. अक्काही दगडाकडे बघत होती, तिला त्याचा अर्थ माहीत होता. मी तो धोतरात खोचला आणि तिला म्हणलं, ‘बस अक्का. अजून दिवस आहे.’